विलंबाची कारणे काय आहेत? महाराष्ट्र विधानमंडळाच्या सर्व सदस्यांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र विधानसभा आणि महाराष्ट्र विधानपरिषद

विषय : रिक्त पदे भरण्यास मुदत घालण्याबाबत.

महोदय, महोदया,

सभागृहात तुम्ही जो तारांकित प्रश्न विचारता, त्याचा साचा ठरलेला असतो. अमुक तालुक्यातले तमुक काम बंद पडल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? त्यानुसार कोणती कार्यवाही केली? आणि सगळ्यात शेवटी : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? मंत्रालयातल्या एका विभागात कक्ष अधिकारी म्हणून माझी बरीच वर्षं या शेवटच्या ओळीला उत्तर तयार करण्यात गेली. बहुतेक वेळा उत्तर एकच असायचं, 'प्रश्न उद्भवत नाही.' आता निवृत्त झालोय, तेव्हा एकदा मीच विचारतो. राज्याच्या कारभारात एका शाखेने दुसरीवर नजर ठेवावी म्हणून ज्या खुर्च्या मांडल्या आहेत, त्या महिनोन् महिने, काही तर वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात, हे खरे आहे काय? असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पहिल्या भागाचं उत्तर मीच देतो. होय, हे खरे आहे. तपशील पुढे आहे. त्यात जवळपास सगळेच पक्ष येतात, तेव्हा आपला कोण आणि त्यांचा कोण हे शोधत वाचू नये ही विनंती.

४ फेब्रुवारी २०२१ ला नाना पटोले यांनी विधानसभेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. पुढचा अध्यक्ष निवडला गेला ३ जुलै २०२२ ला. मधले जवळजवळ सतरा महिने उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी सभागृह चालवलं. आधी महाविकास आघाडी सरकारलाच घाई नव्हती. गुप्त मतदानात मतं फुटली तर काय, ही धास्ती विधान भवनात कुणी लपवतही नव्हतं. मग डिसेंबर २०२१ मध्ये सभागृहाने नियम बदलला आणि गुप्त मतदानाच्या जागी आवाजी मतदान आणलं. त्यावर राज्यपालांनी नियमबदलालाच हरकत घेतली आणि तारीख दिली नाही. पुढे जून २०२२ अखेर सरकार बदललं. नव्या सरकारचा शपथविधी ३० जूनला आणि अध्यक्षाची निवडणूक ३ जुलैला. राज्यपाल तेच, नियमही तोच. जे सतरा महिन्यांत झालं नाही ते चार दिवसांत झालं!

परिषदेची गोष्ट याहून लांबली. सभापती रामराजे नाईक-निंबाळकर यांची मुदत ७ जुलै २०२२ ला संपली. राम शिंदे सभापती म्हणून निवडून आले १९ डिसेंबर २०२४ ला. मधली जवळपास अडीच वर्षं उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी निभावून नेली. त्या वेळी पडायला आलेलं सरकार नव्हतं, राज्यपालांशी वादही नव्हता. फक्त ठरत नव्हतं.

आणि राज्यपालनियुक्त १२ जागा. परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० विधानसभेच्या आमदारांनी निवडायच्या, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांनी, ७ पदवीधरांनी, ७ शिक्षकांनी आणि उरलेल्या १२ राज्यपालांनी नेमायच्या, साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या लोकांसाठी. जून २०२० मध्ये त्या रिकाम्या झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने नावं पाठवली. त्यावर होय नाही की नाही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की राज्यपालांना आदेश देता येत नाही, पण वाजवी वेळेत निर्णय घेणं हे त्यांचं घटनात्मक कर्तव्य आहे आणि आठ महिने हा काळ पुरेसा आहे. तरीही काही झालं नाही. २०२२ मध्ये नव्या सरकारने ती यादीच मागे घेतली. १२ पैकी ७ जागा भरल्या गेल्या त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक जाहीर होणार त्याच दिवशी शपथविधी उरकून. उरलेल्या ५ तेव्हाही तशाच ठेवल्या. परिषदेचा जवळजवळ सहावा हिस्सा चार वर्षांहून अधिक काळ नव्हताच, आणि त्या काळात झालेले सगळे कायदे वैध आहेत.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, मग अडलं कुठे? सभागृह चाललं, अर्थसंकल्प मंजूर झाले, विधेयकं पास झाली. हे खरं आहे. झिरवाळ किंवा गोऱ्हे यांनी काम नीट केलं नाही असंही माझं म्हणणं नाही. राज्यघटनेच्या १८० व्या अनुच्छेदाने उपाध्यक्षाला तो अधिकार दिलेलाच आहे. पण अडलं कुठे हे समजायला सभागृहात बसून चालत नाही, मंत्रालयातल्या टेबलाशी यावं लागतं.

शाळेच्या पुस्तकात राज्य सरकारच्या तीन चौकटी असतात : विधिमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायपालिका. मध्ये बाण काढलेले असतात, हा त्याच्यावर लक्ष ठेवतो, तो याच्यावर. आकृती देखणी असते, पण आपल्याकडे कार्यकारी मंडळ विधिमंडळाच्या आतच बसतं. विधानसभेचे २८८ सदस्य. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला त्यांच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली, म्हणजे मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त ४३. हे ४३ जण पुढच्या बाकांवर आणि त्यांचं बहुमत मागच्या बाकांवर. मग सरकारवर लक्ष ठेवायचं कुणी? बहुमत ठेवणार नाही, ते स्वाभाविकच आहे. उरतात मोजकी माणसं : पीठासीन अधिकारी (म्हणजे अध्यक्ष आणि सभापती), विरोधी पक्षनेता, समित्यांचे प्रमुख. आकृतीतला तो बाण म्हणजे प्रत्यक्षात या तीन-चार खुर्च्या. त्या रिकाम्या असल्या की बाण फक्त पुस्तकात उरतो.

कार्यकारी मंडळाच्या आतली रचना तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. प्रत्येक विभागाचं राजकीय नेतृत्व मंत्र्याकडे, प्रशासकीय नेतृत्व सचिवाकडे. सगळ्या सचिवांच्या वर मुख्य सचिव. खाली सहसचिव, उपसचिव, अवर सचिव, कक्ष अधिकारी आणि कार्यासनावर नस्ती, म्हणजे फाइली, हाताळणारे सहायक. मंत्रालयाबाहेर आयुक्तालयं, संचालनालयं, सहा महसुली विभाग, ३६ जिल्हे. हे सगळं चालतं एका माणसाच्या नावाने. शासन निर्णयाच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं छापलेलं असतं आणि त्याखाली सही असते आमच्यासारख्या कुणाची तरी. मी अशा पुष्कळ सह्या केल्या आहेत. राज्यपालांनी त्यातला एकही कागद पाहिलेला नसतो, पाहणं अपेक्षितही नाही. अधिकार एकाच्या नावाने, निर्णय दुसऱ्याचा, सही तिसऱ्याची. म्हणूनच सभागृहात उभं राहून उत्तर देणारा माणूस कोण, हे पक्कं असावं लागतं.

खुर्ची रिकामी राहिली म्हणून तिचा अधिकार रिकामा राहत नाही. तो खाली घसरतो आणि बहुतेक वेळा आमच्या टेबलावर येऊन थांबतो. एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस यांनी ३० जून २०२२ ला शपथ घेतली आणि ९ ऑगस्टपर्यंत, म्हणजे चाळीस दिवस, राज्याचं मंत्रिमंडळ दोघांचंच होतं. राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदात मंत्र्यांची संख्या १२ पेक्षा कमी नसावी असं स्वच्छ लिहिलेलं आहे. पण किती दिवसांत १२ करायची हे लिहिलेलं नाही. त्याच काळात मंत्र्यांपुढची अर्धन्यायिक प्रकरणं, म्हणजे अपिलं, पुनरीक्षणं, ऐकण्याचे अधिकार सचिवांकडे देणारा आदेश निघाला. विरोधकांनी गहजब केला, सरकारने खुलासा केला, आणि मंत्री आल्यावर विषय संपला. मला मात्र त्यात नवल काही वाटलं नाही. पाणी उताराला जातं तसे अधिकार सचिवाकडे जातात.

मुंबई महापालिकेत तर हे जवळजवळ चार वर्षं चाललं. सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुन्हा नगरसेवक निवडून आले ते जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक. अर्थसंकल्प आयुक्ताने मांडायचा आणि मंजूर प्रशासकाने करायचा, दोन्ही सह्या एकाच पेनाच्या. पुणे, नागपूर, ठाणे, सगळीकडे तीच तऱ्हा. आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयीन प्रकरणं अशी कारणं होती आणि ती खोटी नव्हती. पण कारण खरं असलं तरी खुर्ची रिकामीच राहते.

इथे एक साखळी दिसते, ती मुद्दाम सांगतो, कारण नोकरीभर मी असले धागे जुळवत आलोय. परिषदेतल्या २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांमधून निवडायच्या. नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य हेच मतदार. निवडणूक आयोगाचा दंडक असा की मतदारसंघातल्या किमान ७५ टक्के संस्था आणि ७५ टक्के मतदार अस्तित्वात असल्याशिवाय ही निवडणूक घ्यायची नाही. संस्थांवर प्रशासक आले, मतदारच उरले नाहीत, म्हणून एकेका सदस्याची मुदत संपत गेली आणि जागा रिकाम्या पडत गेल्या. अशाच एका जागेवर, औरंगाबाद-जालना स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून, अंबादास दानवे निवडून आलेले होते. ते परिषदेतले विरोधी पक्षनेते. ऑगस्ट २०२५ अखेर त्यांची मुदत संपली. खाली महापालिकेत प्रशासक बसला आणि वर परिषदेत विरोधी पक्षनेत्याची खुर्ची गेली. विधानसभेतली तर नोव्हेंबर २०२४ च्या निकालापासून रिकामी होती. डिसेंबर २०२५ चं नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नसताना पार पडलं.

त्याने काय बिघडतं, हे आमच्या बाजूने कसं दिसतं ते सांगतो.

अधिवेशन जवळ आलं की कार्यासनावर प्रश्न येऊ लागतात. प्रत्येकावर 'अत्यंत तातडीचे'. जिल्ह्यांकडून माहिती मागवायची, ती अर्धवट येते, पुन्हा फोन, पुन्हा मेल. मग उत्तराचा मसुदा. मसुदा छोटा असतो, 'हे अंशतः खरे आहे' आणि तीन ओळी. खरं काम असतं सोबतच्या टिपणीचं. छापील उत्तर वाचून झाल्यावर उपप्रश्न येतील, तेव्हा मंत्र्याच्या हातात काय हवं, ते त्या टिपणीत. नागपूरला असलो तर रात्री उशिरा रविभवनात ब्रीफिंग. मंत्री पानं उलटत विचारतात, "उपप्रश्न कोण विचारणार?" एखादा नवखा सदस्य असेल तर टिपणी दोन पानांवर आटोपते. विरोधी पक्षनेता उठण्याची शक्यता असेल तर सचिव स्वतः बसतात, मागच्या तीन वर्षांचे आकडे निघतात, महालेखापालांचा आक्षेप कुठे होता तो शोधला जातो, आणि कधीकधी, हे मी पाहिलेलं आहे, अडकलेला निधी त्याच रात्री मोकळा होतो, म्हणजे उद्या 'निधी वितरित करण्यात आला आहे' असं सांगता यावं. दुसऱ्या दिवशी आम्ही अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसून चिठ्ठ्या पाठवायच्या. चिठ्ठी पोचायच्या आत मंत्री अडखळले की घाम आम्हाला फुटायचा.

ही धास्ती कुठल्या एका नेत्याच्या व्यक्तिमत्त्वाची नसते, खुर्चीची असते. विरोधी पक्षनेत्याला मंत्र्याच्या तोडीचा दर्जा असतो, कार्यालय असतं, कर्मचारी असतात. माहिती गोळा करणारी माणसं असतात. अधिवेशनाच्या शेवटी विरोधक मांडतात त्या अंतिम आठवडा प्रस्तावावर तो बोलायला उभा राहतो तेव्हा त्याला वेळ द्यावाच लागतो. पाच पक्षांचे पाच गटनेते मिळून हे काम करतील असं म्हणणं सोपं आहे. गटनेत्याच्या कार्यालयातून सचिवाला फोन गेला की सचिव "पाहतो" म्हणतात. विरोधी पक्षनेत्याच्या कार्यालयातून गेला की आमच्याकडे लगेच विचारणा यायची. हा फरक कुठल्याही नियमावलीत लिहिलेला नाही, आणि माझ्या माहितीत एकाही अधिकाऱ्याला तो अमान्य नाही.

आता या खुर्चीचा कायदा पाहू. १९७८ चा आपल्या राज्याचा कायदा आहे, विरोधी पक्षनेत्यांचं वेतन आणि भत्ते ठरवणारा. त्यात व्याख्या आहे : सरकारच्या विरोधात असलेल्या पक्षांपैकी संख्येने सर्वांत मोठ्या पक्षाचा त्या सभागृहातला नेता, ज्याला अध्यक्षांनी किंवा सभापतींनी तशी मान्यता दिली आहे. दहा टक्के हा आकडा त्यात नाही. तो आला लोकसभेतून, पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या काळातल्या संकेतातून. त्या हिशेबाने विधानसभेत २९ आमदार लागतात आणि २०२४ च्या निवडणुकीत विरोधातल्या सगळ्यात मोठ्या पक्षाला, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाला, २० जागा मिळाल्या. काँग्रेसला १६, राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाला १०. म्हणून खुर्ची नाही, असं सांगितलं जातं.

पण महाराष्ट्राची स्वतःची परंपरा काय आहे? १९६२ मध्ये, राज्याच्या पहिल्याच निवडणुकीत, काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. शेतकरी कामगार पक्ष १५ वर होता. दहा टक्क्यांच्या कितीतरी खाली. तरी शेकापचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसला २१५ चं बळ असताना १५ जणांच्या नेत्याला समोर बसवण्यात कमीपणा वाटला नाही. पुढचं उदाहरण हवं असेल तर दिल्लीचं घ्या. २०१५ मध्ये तिथे ७० पैकी ६७ जागा आम आदमी पक्षाच्या आणि भाजपचे तिघेच, तरी भाजपच्या विजेंदर गुप्तांना विरोधी पक्षनेतेपद मिळालं.

अध्यक्षांचा हा अधिकार आहे, निर्णय तेच घेतील, हे मान्य. माझा आक्षेप निर्णयाला नाही. निर्णय न घेण्याला आहे. 'नाही' म्हणा, कारण लिहा, मग ज्याला न्यायालयात जायचं तो जाईल. मंत्रालयात आम्ही एखाद्या नस्तीवर महिनोन् महिने काही न लिहिता ती कपाटात ठेवली तर तुम्हीच हक्कभंग आणाल, आणि तो बरोबरच असेल.

या रिकाम्या खुर्चीची झळ सभागृहाबाहेरही लागते. राज्य मानवी हक्क आयोगावर नेमणुका सुचवणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, विधानसभेचे अध्यक्ष, गृहमंत्री, परिषदेचे सभापती आणि दोन्ही सभागृहांचे विरोधी पक्षनेते असतात. दोन्ही विरोधी पक्षनेते नसतील तर उरलेले सगळे एकाच बाजूचे, आणि मुख्यमंत्र्यांकडेच गृहखातं असेल तर उरतात तिघे. एखादी जागा रिक्त होती म्हणून नेमणूक अवैध ठरत नाही, असं तो १९९३ चा कायदाच सांगतो. माहिती अधिकार कायदा करणाऱ्यांनी मात्र २००५ मध्ये हा धोका ओळखला होता. राज्य माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत विरोधी पक्षनेता हवा, आणि त्याला मान्यता मिळालेली नसेल तर विरोधातल्या सगळ्यात मोठ्या गटाचा नेता हाच विरोधी पक्षनेता समजावा, असं स्पष्टीकरण त्यांनी कलम १५ मध्येच जोडून ठेवलं. एका वाक्याचं काम. ते १९७८ च्या कायद्यात का असू नये?

मुदत लिहिलेली असली की काय होतं, याचा दाखला तुमच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांदेखत घडलाय. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री झाले तेव्हा ते कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांत निवडून या, नाहीतर पद सोडा, असं १६४ वा अनुच्छेद सांगतो. मार्चमध्ये करोना आला, टाळेबंदी लागली, निवडणुका थांबल्या. एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने त्यांना राज्यपालनियुक्त जागेवर घ्यावं अशी शिफारस केली, ती अडली. पण तारीख सगळ्यांच्या डोक्यावर होती. राज्यपालांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहिलं, आयोगाने परिषदेच्या ९ जागांची निवडणूक लावली, ती बिनविरोध झाली आणि १८ मे २०२० ला शपथ झाली, मुदतीच्या दहाच दिवस आधी. अख्खा देश घरात बसलेला असताना ती खुर्ची वेळेत भरली. तेच राज्यपाल, तेच सरकार, तीच परिषद. आणि त्याच परिषदेच्या मुदत नसलेल्या १२ जागा चार वर्षं तशाच.

विधानसभेचा एखादा सदस्य वारला किंवा त्याने राजीनामा दिला तर लोकप्रतिनिधित्व कायदा सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायला लावतो. म्हणजे २८८ पैकी कुणाही एकाची जागा सहा महिन्यांत भरायची, आणि त्या सगळ्यांच्या अध्यक्षाची कधी? 'शक्य तितक्या लवकर.'

न्यायपालिकेबद्दल फार लिहीत नाही, कारण ती चावी तुमच्या हातात नाही. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्तींची ९४ पदं मंजूर आहेत, ती राष्ट्रपतींच्या सहीने भरतात, आणि तिथल्या विलंबाची कारणं दिल्लीत विचारायला हवीत. न्यायालय तुमची कामं करून देईल या भरवशावरही राहू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने विधेयकांबाबतच्या मतात म्हटलं की राज्यघटनेत नसलेली कालमर्यादा न्यायालय राज्यपालांवर लादू शकत नाही. अकारण आणि प्रदीर्घ दिरंगाईत मर्यादित लक्ष घालता येईल, एवढंच. जे लिहिलेलं नाही ते आम्ही लिहिणार नाही, असा त्याचा मी घेतलेला अर्थ. मग जे तुम्हाला लिहिता येतं ते तुम्हीच लिहायला हवं.

आणि तुम्हाला पुष्कळ लिहिता येतं. अध्यक्षाच्या निवडणुकीचंच पाहा. राज्यघटनेच्या १७८ व्या अनुच्छेदात राज्यपालांचं नावही नाही. सभागृहाने अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडावेत, पद रिक्त झालं की पुन्हा निवडावा, एवढंच तिथे आहे. तारीख ठरवण्याचा मान राज्यपालांना दिला तो तुमच्याच कामकाज नियमांनी. २०२१ मध्ये ज्यावरून एवढं रणकंदन झालं तो अधिकार तुम्हीच दिलेला होता. नियम समितीने दुरुस्ती सुचवावी : पद रिक्त झाल्यापासून ३० दिवसांत, किंवा अधिवेशन नसेल तर पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात, निवडणूक होईलच, तारीख ठरलेली नसेल तर तिसऱ्या दिवशी आपोआप. हेच उपाध्यक्षाला, हेच सभापती आणि उपसभापतींना. २०८ वा अनुच्छेद तुम्हाला हे नियम करायचा अधिकार देतो, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

विरोधी पक्षनेत्यासाठी १९७८ च्या कायद्यात दोन वाक्यं वाढवावीत. दावा दाखल झाल्यापासून ३० दिवसांत लेखी, सकारण निर्णय. मान्यता मिळालेली नसेल तर विरोधातल्या सगळ्यात मोठ्या गटाचा नेता. सरकार हे विधेयक आणणार नसेल तर शुक्रवारी अशासकीय विधेयक म्हणून, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं विधेयक म्हणून, आणा. नामंजूर होईल, पण कुणी काय म्हणून विरोध केला हे कार्यवृत्तात राहील. आज सत्तेत असलेल्यांनाही एक आठवण द्यावीशी वाटते. २०१९ पासून पुढच्या पाच वर्षांत विधानसभेच्या विरोधी पक्षनेत्याच्या खुर्चीवर फडणवीस बसले, अजित पवार बसले, विजय वडेट्टीवार बसले. त्यांतले पहिले दोघे ती खुर्ची सोडून समोरच्या बाकांवर गेले.

राज्यपालनियुक्त जागांना राज्य कायद्याने मुदत घालता येणार नाही, ते संसदेचं काम. पण जागा रिकामी होण्याच्या तीन महिने आधी मंत्रिमंडळाने नावं पाठवलीच पाहिजेत, आणि पाठवली की नाही हे परिषदेच्या पटलावर ठेवलं पाहिजे, असा नियम करायला काय हरकत आहे? निदान दिरंगाई कुणाच्या दारात आहे ते तरी कळेल.

जाता जाता पालकमंत्र्यांचंही. हे पद राज्यघटनेत नाही, पण जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे असतं आणि जिल्ह्याचा पैसा तिथे वाटला जातो. १८ जानेवारी २०२५ ला पालकमंत्र्यांची यादी निघाली आणि दुसऱ्याच दिवशी नाशिक आणि रायगडच्या नेमणुकांना स्थगिती मिळाली. त्यानंतर महिनोन् महिने दोन्ही जिल्ह्यांचं घोडं अडलेलं. नाशिकला तर कुंभमेळ्याची तयारी. तिथली कामं थांबली नाहीत, कारण वर सांगितलं तेच : जिल्हाधिकारी आणि सचिव पाहून घेतात. आम्ही नेहमीच पाहून घेतो. त्याची सवय तुम्ही लावून घेऊ नये, कारण आम्हाला निवडून कुणी दिलेलं नाही आणि आम्हाला पाडताही येत नाही.

नियमदुरुस्तीचा आणि १९७८ च्या कायद्यातल्या दोन वाक्यांचा मसुदा मी तयार केला आहे. दीड पानाचा आहे, सवयीने समासही सोडलाय. तो दोन्ही सभागृहांच्या नियम समित्यांकडे टपालाने पाठवत आहे. पोच मिळावी, आणि निर्णय जो काही होईल तो कारणांसह कळवावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कक्ष अधिकारी